चावडीच्या रेडिओतली शिट्टी

बाभुळगावजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. गावात रेडिओ एकच, पंचायतीचा. दिवेलागणीला चावडीवर तो लागला की सारा गाव समोर बसायचा. मला मात्र गर्दीत बसणं कमीपणाचं वाटे. मी यवतमाळहून सुटे भाग आणून, पुस्तकात बघून, दिव्यासारख्या काचेच्या एकाच व्हॉल्व्हचा रेडिओ जोडला होता. घर चावडीच्या मागेच. छपरावरून निंबापर्यंत तांब्याची तार ताणली होती. संध्याकाळी हेडफोन लावून मी गुंडी पिळत बसायचो. नागपूर कधी लागायचं, कधी नाही, पण ऐट रोज लागायची.

त्याच हिवाळ्यात चावडीचा रेडिओ शिट्ट्या मारू लागला. शेतीची माहिती सुरू झाली की कुंईंऽऽ! सरपंच घरी आले.

"काय जी मास्तर, हे काहून बोंबलून राह्यलं?"

आता, न विचारता सल्ला देणारा मी, विचारल्यावर गप्प बसतो होय? चावडीसमोरच्या पिठाच्या चक्कीला नुकतीच विजेची मोटार बसली होती. मी तिच्याकडे बोट केलं. "मोटारीच्या ठिणग्या रेडिओत शिरतात. त्या वेळेला चक्की बंद ठेवा."

चक्कीवाला हात जोडून आला. "मास्तर, बाया कापूस वेचून येतात तवाच दळण आणतात. तवाच बंद ठेवली तं त्या शेजारच्या गावाले जातीन. एकदा गेलेलं गिऱ्हाईक वापस येते काय?"

"विज्ञानापुढे इलाज नाही," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

चक्की बंद झाली. शिट्टी चालूच. सरपंचांनी विचारलं, तर मी न अडखळता सांगितलं, "मोटारीत वीज मुरलेली असते. निघून जायला वेळ लागतो. तोवर चक्की दिवसभर बंदच ठेवा."

"मंग निघेपर्यंत तुमी इथंच बसा."

बसलो. अन् काय आश्चर्य, तीन संध्याकाळी रेडिओ कसा स्वच्छ! लोक माझ्याकडे कौतुकानं बघत होते. समोर चक्कीवाला बंद दाराशी उभा. डोक्यावर ज्वारीच्या टोपल्या घेऊन बाया त्याच्यासमोरून शेजारच्या गावाच्या वाटेला लागत होत्या. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

चौथ्या दिवशी मी चावडीवर असतानाच कुंईंऽऽ!

चक्कीवाला उसळून आला. "चक्की तं बंद हाय मास्तर! आता कोणाची मोटार?"

मी "तार बघून येतो" म्हणत घरी पळालो. पाहतो तो बायको हेडफोन लावून माझ्या रेडिओची गुंडी पिळतेय. गाणी शोधत होती बिचारी. मी गुंडी मागे घेतली. चावडीवरून ओरडा आला, "गेली!" पुढे केली. "आली रे आली!"

मी पुरता ओशाळलो. पुस्तकात लिहिलं होतं की गुंडी जास्त पिळली तर असला रेडिओ स्वतःच लाटा सोडतो अन् आसपासच्या रेडिओत शिट्टी उठते. ते पान मी वाचलं होतं. आपल्या हातून तसं होईल, एवढंच वाटलं नव्हतं.

"आत्ताच तार काढून टाकतो," मी कुजबुजलो. "कोणाला कळणार नाही."

"अन् चक्की?" बायको म्हणाली. "माह्यं दळण चार दिवसांपासून अडलं हाय. जा, सांगून या."

सांगितलं. सरपंच पोट धरून हसले. चक्कीवाला हसला नाही. "मले सांगून काय फायदा? बायायले सांगा."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शेताच्या वाटेवर उभा राहिलो. बायांचा घोळका आला. "चक्की सुरू आहे, चूक माझी होती," मी म्हणालो. पुढची बाई थांबली. बाकीच्या पदराआड फिदीफिदी.

"म्हणजे तुमच्या खेळण्यापायी आमी कोसभर टोपली वाह्यली?"

"हो," मी कबूल केलं.

"मंग आज घरून टोपली चक्कीवर तुमी न्या."

नेली. शाळेची पोरं रांगेनं बघत होती. चक्कीवाल्यानं टोपली माझ्या डोक्यावरून उतरवून घेतली, मोटार सुरू केली अन् म्हणाला, "मागं अजून सात बाया हायेत, मास्तर."