आत्याचा ईसीजी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, तरी लिहायचं धाडस करतोय, माफ करा.

छातीत कळ आली म्हणून आत्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. ईसीजी काढणाऱ्या ताई सवयीने म्हणाल्या, "मावशी, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा."

"कालच काढलं बाई सगळं," आत्या म्हणाली. आदल्या दिवशीच मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेले होते. ताईंनी तिचं मोकळं मनगट क्षणभर नुसतं धरून ठेवलं.

कागदावर हार्ट अटॅकच दिसत होता. शहरात अँजिओग्राफी केली, तर रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, दुःखाच्या धक्क्यानेही हृदय असं दुबळं होतं, बहुतेकदा सावरतं.

मामांना नेताना बायका तिला "मन घट्ट कर" म्हणत होत्या, आणि ती खरंच रडली नाही. न रडलेलं कुठे जात असेल, असं मला अजून वाटत राहतं.

काल हॉस्टेलवर तिचा फोन आला. नव्या तपासणीत हृदय पहिल्यासारखं झालंय. मी आनंदाने ओरडलोच.

ती म्हणाली, "मशीनमध्ये आता काहीच दिसत नाही रे. मग दुखतंय म्हणून सांगू कुणाला?"