कप्तानाचा गंज

खिडकीत माझा कप्तान वाळत ठेवलेला होता, अगदी स्वच्छ. पाहिलं आणि माझं डोकंच सणकलं.

कप्तान म्हणजे अंगठ्याएवढा समुद्री चाचा. त्याच्या एका हाताच्या जागी खेकड्याची नांगी आहे. आम्ही मैत्रिणी रविवारी टेबलावर लढाईचा खेळ मांडतो, त्यातला हा माझा मोहरा. त्याच्या तलवारीवरचा गंज, कोटावरचं वाळलेलं मीठ, बुटांवरचं शेवाळ, सगळं मी भिंगाखाली रंगवलं होतं. रंग पक्का करणारं वॉर्निश तेवढं मारायचं राहिलं होतं. दिवाळीच्या साफसफाईला मदत करायला माझ्या नणंदबाई आल्या आणि त्यांनी त्याला भांड्यांच्या साबणात बुडवून जुन्या टूथब्रशने घासून काढलं. खेळाच्या देखाव्यातल्या थर्माकोलच्या खडकांवर माती म्हणून चिकटवलेला चहाचा चोथाही खरवडून टाकला.

"किती मळला होता गं! बघ, कसा नव्यासारखा झालाय."

नव्यासारखा! वापरलेलं, झिजलेलं, उन्हापावसातून आलेलं काही या लोकांना बघवतच नाही. माझे पांढरे केससुद्धा त्यांना मळच वाटतात. आल्या दिवशीच वन्संनी माझ्यासाठी मेंदी भिजवली होती. अहो, आयुष्यभर वादळं झेललेला माणूस चकचकीत कसा दिसेल?

मी तिथेच ब्रश आणि वॉर्निशची बाटली घेऊन बसले. गंज नंतर बघू म्हटलं. आधी त्या कोऱ्या कपाळावर एक खोल आठी काढली.

वन्सं वाकून बघायला लागल्या. "अगंबाई, किती रागावलाय हा!"

"हो वन्सं," मी म्हटलं, "आणि ही आठी घासून जायची नाही."