भांडुप ते अंधेरी, एका ‘नॉट शुअर’साठी

सकाळी सातला भांडुपहून रिक्षा केली. ग्रीक बोटीच्या स्वयंपाकघरात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला अंधेरी काही परदेश नव्हे, तरी वाटेत एकेक ग्रीक शब्द आठवून पाहत होतो. अंधेरीच्या एका इस्पितळात माझी पुतणी स्वाती नर्स आहे. आदल्या दिवशी तिचा फोन आला, “काका, इथे एक ग्रीक इंजिनियर आहे. हार्टचं ऑपरेशन झालं, पण शुद्धीवर येत नाहीये. बायकोला इंग्रजी कळत नाही. तुम्ही या ना.”

माझं ग्रीक म्हणजे मीठ, मासळी, हवामान आणि शिव्या.

पवईच्या तलावावर कोवळं ऊन पसरलं होतं. साकीनाक्याला क्लचची वायर तुटली आणि रिक्षा थांबली. जवळच्या वर्कशॉपातल्या कारागिराने इस्पितळाचं नाव ऐकताच हातातलं काम बाजूला ठेवलं. दहा मिनिटांत वायर बसवून म्हणाला, “निघा काका, आधी तुमचं.”

इस्पितळात स्वातीने त्या इंजिनियरच्या बायकोशी, एलेनीबाईंशी, गाठ घालून दिली. साठीच्या असतील. मी “कालीमेरा” (सुप्रभात) म्हटलं, तर त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि रडायलाच लागल्या.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. दुसरं ऑपरेशन लगेच करायला हवं होतं, बाईंची सही हवी होती. बाईंचा एकच प्रश्न, तो वाचेल का? डॉक्टर म्हणाल्या, “आय अ‍ॅम नॉट शुअर.”

आता हे कसं सांगू? ‘बोरी’ (होईलही) म्हणावं, तर बोटीवरचा आमचा मुख्य आचारी रजा नाकारताना हेच म्हणायचा. ‘देन क्सेरो’ (माहीत नाही) म्हणजे डॉक्टरने हात टेकले. क्षणभर वाटलं, सगळं ठीक होईल म्हणून मोकळं व्हावं.

मी मराठीत विचारलं, “डॉक्टर, नॉट शुअर म्हणजे नेमकं काय? आशा नाही?”

“आशा आहे हो. पण शब्द नाही देता येत मला.”

मग जमेल तसं जोडून सांगितलं, “एखूमे एल्पीदा. देन ईने सीगुरी.” (आशा आहे. त्यांना खात्री नाही.)

“अलीथ्या?” (खरं?)

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी डोळे पुसले आणि सही केली.

नंतर कँटीनमध्ये उसळ-पाव घेतला. दोन दिवसांत बाई पहिल्यांदाच जेवत होत्या. म्हणाल्या, “सगळे मला ‘नो प्रॉब्लेम’ म्हणत होते. प्रॉब्लेम आहे, हे मला दिसत होतं. तुम्ही खरं सांगितलंत. एफखारिस्तो (आभारी आहे).”

ऑपरेशन दुपारी संपलं. शुद्ध यायची वाट पाहायची, एवढंच कळलं. संध्याकाळी बसने परतलो. बायकोने दारातच विचारलं, “वाचतलो मां तो?” (वाचेल ना तो?)

“ठाऊक नाही गं,” म्हटलं.

चौथ्या दिवशी स्वातीचा फोन आला. त्याने डोळे उघडले होते आणि बायकोला नावाने हाक मारली होती. मी देवापुढे दिवा लावला, त्या डॉक्टरीणबाईंच्या नावाने आणि साकीनाक्याच्या कारागिराच्याही. त्याचं नाव मात्र विचारायचं राहून गेलं होतं. इतकी बंदरं पाहिली, पण मी आलो म्हणून कुणाचा जीव भांड्यात पडला, असं बंदर मला अंधेरीतच भेटलं.