सेंटर फील्डरच्या आईचा नवस

माझा मुलगा अपयशी व्हावा म्हणून मी गणपतीला नवस बोलले होते. आईला हे शोभत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण इंजिनिअरिंगचं एकच वर्ष राहिलेलं असताना पोरगा उठतो आणि बेसबॉल खेळायला जातो म्हणजे काय!

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एका व्यावसायिक क्लबने त्याला निवडलं. तेही इतक्या शेवटी, की यादी वाचणारा माणूससुद्धा तोवर कंटाळला असेल. आम्ही अमेरिकेत, चँडलरला राहतो, याचे बाबा सेमीकंडक्टर कंपनीत. त्यांनी शनिवार-रविवार बसून त्याला समजावलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि सोमवारी बॅग भरली. मग मी देवळात गेले. म्हटलं, "बाप्पा, वर्षभरात याला घरी आण, डिग्री पुरी होऊ दे. एकवीस नारळांचं तोरण बांधीन."

बाप्पाला बेसबॉलमधलं फारसं कळत नसावं. वर्ष संपलं आणि हा एक पायरी वर गेला. या खेळात खालच्या लीगच्या पाचेक पायऱ्या असतात, आणि त्यांच्या वर ती टीव्हीवर दिसणारी. खालच्या पायऱ्यांवर बसचा दिवसदिवस प्रवास आणि जेवायला पीनट बटर. आमचा सेंटर फील्डला, म्हणजे मैदानात पार मागे, मधोमध. बॉल आला तर जीव खाऊन पळायचं, नाही आला तर गवतात उभं राहायचं.

मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी मला गाठलंच. "हल्ली काय करतो गं तुझा?"

"सेंटर फील्डर आहे."

"ते झालं. पण नोकरी?"

"हीच नोकरी."

"अगं बाई! आणि बॉल येत नाही तेव्हा काय करतो?"

"तेव्हा तुमचा मुलगा मीटिंगमध्ये जे करतो तेच."

घरी येताना गाडीत हे म्हणाले, "तू कधीपासून त्याच्या बाजूची झालीस?" मी म्हटलं, बाजूबिजू काही नाही, त्या बाईचा सूर मला आवडला नाही.

चौथ्या वर्षी तो टेक्सासमधल्या एका गावात खेळत होता. मी जवळच्याच अर्विंगला मैत्रिणीच्या नातवाच्या बारशाला गेले होते, म्हटलं जाऊन बघून तरी येऊ. त्या दिवशी एक बॉल उंच गेला, पार भिंतीकडे. आमचा पाठ फिरवून पळत सुटला आणि मी, चारचौघांत कधी आवाज न चढवणारी, ताडकन उठून ओरडले, "धाव रे बाळा! मागे, अजून मागे!" भिंतीला धडकत त्याने बॉल पकडला. शेजारच्या म्हाताऱ्याने खूश होऊन माझ्या हातावर स्वतःचे पॉपकॉर्न ओतले. मी रडत होते. नंतर भेटल्यावर मुलाला मात्र सांगितलं, "बारशाला आले होते, वाटेत थांबले. डिग्रीचं काय ठरवलंस?"

आता आली पंचाईत. नवस उभाच होता! देवळातले गुरुजी नागपूरचे, वयाने माझ्याहून लहान, त्यांना बाजूला घेतलं. "गुरुजी, बोललेला नवस कॅन्सल करता येतो का हो?"

"काकू, बोलताना काही मुदत घातली होती?"

"वर्षभराची."

"मग सोडा. लॅप्स झाला तो."

मला काही ते पटलं नाही. विमा लॅप्स होतो, देव कसा होईल? तेव्हापासून रोज सकाळी दिवा लावताना मी म्हणायचे, बाप्पा, ते जुनं विसर, रागाच्या भरात बोलले होते. दिवसभर त्याच्या मॅचचा स्कोअर फोनवर चोरून बघायचे. आणि त्याचा फोन आला की तोंडातून सवयीने तेच, "डिग्रीचं काय?" इतकी वर्षं धरलेला हेका एकदम कसा सोडणार?

सहाव्या वर्षी तो शेवटच्या पायरीवर पोचला. वर आता फक्त ती एक. आणि तिथेच त्याला मधून उचलून कडेला, लेफ्ट फील्डला टाकलं. यात काय वाईट, असं वाटेल. पण मधल्या फील्डरला कडेला सरकवलं की समजावं, पाय मंदावलेत असं वरच्यांचं मत झालंय. कडेच्या माणसाने नुसतं पकडून भागत नाही, बॉल भिंतीपार मारावाही लागतो.

पुढच्या मार्चला क्लबचा सीझनआधीचा सराव कॅम्प आमच्या घरापासून वीस मिनिटांवर होता. एका सकाळी साडेदहाला गॅरेजचं दार उघडलं. हा खांद्यावर बॅग घेऊन आत आला. "आई, दे रिलीज्ड मी." म्हणजे क्लबने काढून टाकलं होतं.

हे वर्क फ्रॉम होमवरून उठून आले आणि म्हणाले, "बरं. सेमिस्टर कधी सुरू होतंय?"

"अहो, जरा थांबा की!" मी ओरडले. "त्याला बूट तरी काढू द्या!"

वरणभात वाढला. तो जेवायला बसला. शेवटी राहवेना, नवसाचं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मीच केलं रे हे.

तो हसायला लागला. "आई, बाप्पाचा काही संबंध नाही. आय कान्ट हिट अ स्लायडर." स्लायडर म्हणजे ऐन वेळी बाहेर वळणारा बॉल.

"कोण म्हणतं?" मी उसळले. "गेल्या ऑगस्टात त्या उंच डावखुऱ्या पिचरचा स्लायडर एकाच मॅचमध्ये दोनदा मारलास, ते काय होतं? आणि जूनमध्ये, पाऊस पडून मॅच थांबली होती, त्याच्या आधी?"

त्याचा घास हातातच राहिला. "तू बघत होतीस?"

"मग काय झोपले होते?"

"आई, खरं सांग. मी वर पोचेन असं तुला कधी वाटलं होतं?"

"पहिली तीन वर्षं नाही," मी म्हणाले. "नंतर रोज."

सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी वावरणारा माझा एवढा थोरला मुलगा ताटावर मान घालून हुंदके द्यायला लागला. मी पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला.

"मग एकदा तरी सांगायचंस ना," तो म्हणाला.