मला मिसरूड उशिरा फुटले

आठवीच्या वर्गाला मी बावीस वर्षे विज्ञान शिकवले आणि त्यातला किशोरवयाचा धडा बावीसही वर्षे 'घरी वाचून या' असे सांगून सोडून दिला. आवाज फुटतो, उंची झपाट्याने वाढते, हे मला मान्य होते. फक्त ते माझ्या तोंडून वदवले जाऊ नये, एवढीच माझी अट होती.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा झाला तरी त्याचा आवाज पाचवीतल्या मुलासारखाच राहिला. शिमग्यात पालखी नाचवताना त्याने हौसेने खांदा पुढे केला, तर दांडा त्याच्या खांद्यावरून वीतभर उंच गेला. मुंबईहून आलेला माझा धाकटा भाऊ ओरडला, "अरे, ह्याला पाटावर उभा करा कोणीतरी!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि वर म्हणालो, "ह्याच्या वयात मी पालखी दोन वाड्या फिरवली होती." भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान, माझे खोटे पकडू शकेल असे वडीलधारे कोणी उरले नव्हते.

नातेवाइकांनी उपायांचा पाऊस पाडला. कोणी मुलाला दांडीला लोंबकळायला लावले, कोणी दुधातून चूर्णे पाजली. गुरवाने ग्रामदेवतेला कौल लावला. देवाने उजवा दिला, म्हणजे काळजीचे कारण नाही. या सगळ्या प्रकरणात खरे बोलणारा तो देव एकटाच.

शेवटी पत्नीने आम्हा दोघांना रत्नागिरीतल्या बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी मुलाच्या हाताचा एक्स-रे पाहिला. हाडांचे वय त्याच्या वयापेक्षा दोन वर्षांनी मागे होते.

"घराण्यात कोणाला वयात यायला उशीर झाला होता का? बाबा, तुम्हाला?"

पत्नी माझ्याकडे पाहत होती. मुलगाही.

"छे हो. माझं सगळं वेळेवर."

खरे असे की बारावीत असतानाही महाविद्यालयाचा शिपाई मला शेजारच्या शाळेच्या फाटकाकडे पिटाळत असे. माझा आवाज सतरा सरल्यावर फुटला आणि पहिली दाढी एकोणिसाव्या वर्षी केली, तीही गरजेपेक्षा आशेने. एवढे एक वाक्य मी गिळले. माझ्या उत्तरावर विसंबून डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या आणि कोल्हापूरला मेंदूचा एमआरआय लिहून दिला. मी ती चिठ्ठी कर्तव्यदक्ष बापाच्या गांभीर्याने घडी घालून खिशात ठेवली.

कोल्हापूरला निघायच्या आदल्या दिवशी मुलगा पडवीत माझ्याजवळ येऊन बसला.

"बाबा, डोक्यात गाठ असली तर लगेच ऑपरेशन करतात?"

"गाठ कोण म्हणालं?"

"मोबाइलवर वाचलं. आईला सांगू नका, ती रडेल."

त्याच्यावर हे ओझे आठवडाभर होते, आणि मी गाडीची वेळ विचारत फिरत होतो. तेव्हा मी त्याला सारे सांगितले. शिपाई, सतरा सरल्यावर फुटलेला आवाज, ती हौशी दाढी.

त्याने विचारले, "मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"लाज वाटली."

"लाज तुम्हाला वाटली, आणि मशीनमध्ये मी जायचं?"

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरऐवजी आम्ही तिघे पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. मी मुलाला बाहेर बसायला सुचवले.

"नाही," तो म्हणाला. "मला ऐकायचंय."

मी सांगू लागलो. डॉक्टर पुढे झुकले. "जरा मोठ्यानं बोला."

मोठ्याने बोललो. पत्नीने कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले, मग मुलाला पुन्हा तपासले आणि आलेले रक्ताचे अहवाल वाचले. बहुधा वडिलांसारखाच उशीर आहे, ते म्हणाले. एमआरआय तूर्त थांबवू, पण सहा महिन्यांनी उंची मोजून खात्री करू, नुसत्या अंदाजावर सोडायचे नाही.

"काही विचारायचंय?" त्यांनी मुलाला विचारले.

"पुढच्या वेळी," तो त्याच बारीक आवाजात म्हणाला, "आधी आईला विचारा."

"तिला हे माहीत नव्हतं रे," मी पुटपुटलो.

"आता आहे," पत्नी म्हणाली.