पंख्याला हळदकुंकू

वडलांचं उजवं मनगट मोडलं तेव्हा आमच्या गोठ्यात चार म्हशी होत्या. वर्ष सरायच्या आत एक उरली. म्हैस पिळायला घट्ट मूठ लागते, आणि त्यांची मूठ त्यानंतर कधी पुरती वळलीच नाही. आई पिळायची, पण पाणी, सरपण, शेताचा तुकडा आणि चार म्हशी हे एका बाईचं काम नव्हतं. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची धनगरांची वस्ती. दुधाशिवाय तिथं दुसरं काही विकायला नसतं. पुढची काही वर्षं आमच्या घरी चहासुद्धा कोरा असायचा, आणि दूधवाल्याच्या घरात कोरा चहा पिणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं.

मनगट मोडलं ते इंजिनामुळे. पानशेतच्या धरणाच्या कडेला एका बागायतदाराचा डिझेलचा पंप होता. तो चालू-बंद करायचं काम वडील करायचे. ते इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं. जोर कमी पडला तर इंजिन उलटं फिरतं आणि हँडल मागे येतं. म्हणून अंगठा हँडलाभोवती गुंडाळायचा नसतो, बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो, म्हणजे उलटलं तरी हँडल हातातून निसटून जातं. वडलांना म्हशीच्या सडाची सवय. ते पूर्ण मूठ वळून धरायचे. एका सकाळी इंजिन उलटलं, हात हँडलात अडकला आणि मनगट गेलं. हाडवैद्यानं बसवलं, ते वाकडं बसलं.

मी भोरच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या वस्तीत माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. निकालानंतर कॉलेजातल्या एका बाईंनी मला शिवऱ्याचा पत्ता दिला. तिथं हायवेपासून आत, एका शेडमध्ये पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर स्वतःच्या हातानं छोटं विमान बांधत होते. त्यांना वायरिंग आणि मोजमाप सांभाळणारं माणूस हवं होतं. मी त्यांना काका म्हणायचे.

घरी सांगितलं तेव्हा वडलांनी नोकरी काय आहे ते नीट ऐकून घेतलं. विमान हा भाग त्यांनी सोडून दिला. इंजिन सुरू कसं होतं, एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं, की पंखा हातानं फिरवून.

"मंग तू हात लावायचा न्हाईस," ते म्हणाले. "बाकी काय बी कर. हात लावलास का नोकरी सुटली."

मी कबूल झाले. पण मनातून मला तेच काम हवं होतं. वायरी जोडायच्या आपण आणि इंजिन सुरू करायचं दुसऱ्यानं, यात मला गोडी नव्हती.

काकांचं इंजिन जुन्या परदेशी मोटारीचं, चार सिलिंडरचं. पुढे लाकडी पंखा. स्टार्टर मोटर नव्हती. काका प्रत्येक वस्तू तराजूत घालून मगच विमानाला लावायचे, आणि स्टार्टरचं वजन त्यांना सोसत नव्हतं. ठिणगीसाठी त्यांनी मॅग्नेटो बसवला होता. मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. आत लोहचुंबक फिरतं, ठिणगी पडते, बॅटरी लागतच नाही. त्यांच्या मॅग्नेटोला एक स्प्रिंगही होती. पंखा अगदी सावकाश फिरवला तरी स्प्रिंग ताणून धरायची आणि टक् करून सोडायची, त्यामुळे ठिणगी जोरदार आणि थोडी उशिरा पडायची. उशिरा पडली की इंजिन उलटत नाही. ही चांगली सोय आहे, हे मीही मानते.

माझा आक्षेप वेगळा होता. बॅटरीवरच्या गाडीत वायर निघाली की ठिणगी मरते. मॅग्नेटोचं बरोबर उलटं असतं. त्याचा स्विच 'बंद' करतो म्हणजे त्याची वीज एका वायरनं इंजिनाच्या धातूत सोडून देतो. ती एक वायर निघाली, तुटली, तर स्विच कुठंही असो, मॅग्नेटो जिवंत राहतो. मी हे काकांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले की जगभर विमानं याच्यावर उडतात आणि हवेत बॅटरी मेली तर खाली कोण झेलणार आहे. त्यांचंही चुकीचं नव्हतं.

तोवर पंखा तेच फिरवायचे. मी शेपटीचा दोर खुंटीला बांधायचे, चाकांपुढे ठोकळे लावायचे आणि बाजूला उभी राहायचे.

खंडेनवमीला काकांनी माझ्या आईवडलांना पूजेला बोलावलं. दोघं एस.टी.नं नसरापूरला आले, तिथून दुसऱ्या गाडीनं शिवऱ्याला. शेडशेजारी राहणारा एक टेम्पोवाला काकांना नेहमी मदत करायचा. विमानात बसून स्विच सांभाळायला तोच असायचा. त्यानं आदल्या दिवशी सगळी हत्यारं, ड्रिल मशीन, विमान असं धुऊन-पुसून ठेवलं होतं. झेंडूच्या माळा त्याच्याच बायकोनं केल्या होत्या.

काकांनी विमानासमोर नारळ फोडला आणि हळदकुंकवाचं ताट आईच्या हातात दिलं. आमच्याकडे कुठल्याही अवजाराला हळदकुंकू लावायचं तर सगळ्या अंगांना लावतात. नांगराच्या फाळाला लावलं आणि रुमण्याला, म्हणजे धरायच्या दांड्याला, राहिलं असं चालत नाही. पंख्याची दोन पाती उभी होती, एक वर, एक खाली. आईनं खालच्याला पाच बोटं ओढली. वरच्यापर्यंत तिचा हात पुरेना. मग तिनं कोणीही केलं असतं तेच केलं. ताट डाव्या हातात घेतलं आणि खालचं पातं उजव्या हातानं धरलं, फिरवून वरचं खाली आणायला.

मी म्हणाले, "आई, हात काढ. मागं ये."

तिनं काढला. काका हसून म्हणाले, "अगं, किल्ली माझ्या खिशात आहे. लावू दे त्यांना."

"आन् वायर बी काढून ठिवलीया ताई," टेम्पोवाला म्हणाला. "धुताना पाणी जाईल म्हनून म्याच काढली. पुन्हा म्हटलं, बायामाणसं येनार, राहू दे तशीच. आता तर काय बी व्हनार न्हाई."

तो बॅटरीच्या टेम्पोत वाढलेला माणूस. त्याच्या गाडीला ते बरोबरच होतं. इथं मात्र त्यानं मॅग्नेटोला बंद ठेवणारी तीच एक वायर काढली होती.

मी सगळ्यांना पंख्याच्या रेषेतून बाजूला केलं. चारही प्लगच्या टोप्या ओढून काढल्या, म्हणजे आता इंजिन पेटणं शक्य नव्हतं. मग एक प्लग खोलून टोपीत खोचला, इंजिनाच्या धातूवर टेकवून ठेवला आणि काकांना पंखा हळू फिरवायला सांगितला. आई फिरवणार होती तितकाच हळू. टक् असा आवाज आला आणि प्लगच्या टोकाला निळी ठिणगी पडली. काकांनी पुन्हा फिरवला. पुन्हा पडली. आदल्या आठवड्यात इंजिन चाललेलं होतं, आत पेट्रोल होतं.

टेम्पोवाला खाली बसला.

वडील पुढे आले. "किल्ली खिशात," ते म्हणाले. "वायर काढल्याली. तरी जाळ निघतुया. आन् माझी पोरगी रोज ह्याच्याम्होरं हुबी ऱ्हाती व्हय?"

काकांनी त्यांची माफी मागितली. आईनं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली की वरच्या पात्याला नुसता नमस्कार केला तरी देवाला पोचतो. त्यावर टेम्पोवाला सोडून सगळे हसले. पण जेवण झाल्यावर वडलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की दिवाळीला घरी येशील ती सामान घेऊनच ये.

मी रडले वगैरे नाही. नोकरी टिकायची तर या इंजिनाची ठिणगी बदलली पाहिजे, एवढं मला दिसलं. दुसऱ्या दिवशी काकांशी बोलले. मॅग्नेटो काढायचा. त्याऐवजी बॅटरीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे दोन डबे, आणि हवेत मरायची भीती म्हणून दोन बॅटऱ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या. एक गेली तर दुसरी चालेल. पंखा हातानं सावकाश फिरत असतो तेव्हा हे डबे आपणहून ठिणगी उशिरा टाकतात, म्हणजे उलटा झटका नाही. आणि वायर निघाली तर इंजिन पेटणार नाही, बंदच राहील. जमिनीवर असताना आम्हाला हवं होतं ते हेच.

काकांनी बॅटऱ्या तराजूत घातल्या, काटा बघितला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "तुझ्या वडलांना मला पुन्हा तोंड दाखवायचंय. लाव."

बॅटरीच्या वायरीत मी बाहेरून दिसेल असा एक लाल खटका घातला, पूर्ण उपसून हातात घेता येणारा. नियम माझा: पंख्याला ज्याचा हात, खटका त्याच्या खिशात. आधी खटका खिशात ठेवून पंखा फिरवायचा, म्हणजे पेट्रोल आत ओढलं जातं. पातं हवं त्या जागी आणायचं. मग मागे सरून, बाजूनं जाऊन खटका आत बसलेल्या माणसाला द्यायचा. त्यानं तो लावायचा, ब्रेक दाबायचा, गॅस कमी ठेवायचा आणि 'चालू' म्हणायचं. आपणही 'चालू' म्हणायचं. मगच झटका. आणि खटका खिशात असला तरी इंजिन जिवंत आहे असंच धरून वागायचं, कारण माणूस चुकतो.

दिवाळीला मी घरी गेले, पण सामान घेऊन नाही. वडलांना म्हणाले, पंखा मी कसा फिरवते ते एकदा येऊन बघा. मग नाही म्हणा, मी ऐकेन. हे मी मनापासून म्हणाले होते.

ते आले. आईही आली, हळदकुंकवाची पुडी घेऊन. मी बांगड्या काढल्या, ओढणी घेतलीच नव्हती, बूट घातले. जमीन कोरडी आहे, पायाखाली खडी नाही, हे बघितलं. ठोकळे, शेपटीचा दोर. खटका उपसला आणि त्या दिवसापुरता माझ्या खिशाऐवजी वडलांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि मूठ जेवढी वळत होती तेवढी वळून धरला. मग मी पंखा फिरवून वरचं पातं आईसाठी खाली आणलं. तिनं राहिलेली पाच बोटं ओढली.

टेम्पोवाला आत बसला. वडलांनी स्वतः जाऊन खटका त्याला दिला आणि कुंपणाशी येऊन उभे राहिले. मी पात्यावर दोन्ही हातांची बोटं सपाट ठेवली.

वडील तिथून म्हणाले, "अंगठा कुठाय?"

मी हात वर करून दाखवला. अंगठा बोटांच्या शेजारी.

"हां. मार मंग."

आतून 'चालू' आलं. मी 'चालू' म्हणाले आणि पातं खाली ओढून त्याच ओघात मागे गेले. पहिल्यांदा नुसतं फुरफुरलं. सगळा क्रम पुन्हा पहिल्यापासून केला, खटका माझ्या खिशात घेऊन. दुसऱ्या वेळी इंजिन पेटलं. आवाज शेडच्या पत्र्यात घुमला आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या मागे उडाल्या. वडील ते बंद होईपर्यंत हलले नाहीत. जाताना ते टेम्पोवाल्याला एवढंच म्हणाले की पोरीचा हात पंख्यावर असताना हितं कुणी गप्पा मारायच्या नाहीत.

ते विमान उडवायची परवानगी हा वेगळा विषय आहे आणि तो काकांच्या हाती नाही. इंजिन मात्र तेव्हापासून मी हातानं सुरू करते. आजवर कोणाला खरचटलेलं नाही, आणि माझी नोकरी चालू आहे.