तेल लागलेलं सोनं

इरा, नील,

तुमचे विनूआजोबा गेले त्याला आता काही आठवडे झाले. त्या दिवशी फोनवर तुम्ही दोघं रडलात आणि मग नीलने मध्येच विचारलं, "आजी, विनूआजोबा खरंच नदीत सोनं शोधायचे का? बाबा म्हणतो, त्यांना वेडच होतं त्याचं." मी "नंतर सांगते" म्हणून विषय मिटवला. घरात माणसं होती आणि सुमनआजी माझ्या शेजारीच बसली होती. आता घर मोकळं झालं आहे. तुमच्या बाबाला जे माहीत आहे ते ऐकीव आणि अर्धवट आहे, आणि अर्धवट गोष्टी घरात फार लवकर पक्क्या होतात. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते. एक आधीच सांगते. विनूने नदीत सोनं कधी शोधलं नाही. त्याने घरातलं सोनं नदीवर नेलं आणि ते परत आणलं.

विनू गेला त्या दिवशी दुपारची जेवणं होऊन मी जरा आडवी झाले होते, तेवढ्यात सुमनचा पोलादपूरहून फोन आला. "वन्सं, हे उठत नाय ओ..." एवढंच म्हणाली. मी महाडहून रिक्षा करून पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. विनू खाटेवर कुशीवर निजलेला होता, नेहमी निजायचा तसाच. मी त्याची थोरली बहीण, त्याला पाळण्यापासून पाहिलेलं, पण इतका निवांत चेहरा मी त्याचा पाहिला नव्हता. मला रडू आलं, आणि रडतानाच आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. हे वाचून तुम्हाला विचित्र वाटेल. पण तो वर्षभर आधी गेला असता तर मला असं वाटलं नसतं.

विनू महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला होता. तिथे बंद पडलेला पंप तो तासाभरात चालू करायचा. घरी मात्र उलटं. काजू सोलायचं यंत्र, भाताच्या तुसावर चालणारी शेगडी, गच्चीवर पाणी चढवणारं सायकलचं चाक... सगळी मोठ्या हौसेने सुरू व्हायची आणि पडवीत अर्धी पडून राहायची. मला अर्धी वस्तू डोळ्यांसमोर सहन होत नाही. मी बोलले की तो म्हणायचा, "ताई, तुझ्या फडताळात डब्यांनासुद्धा रांगेत उभं राहावं लागतं. माझी यंत्रं मोकळी वाढलेली आहेत." सुमन उमरठकडच्या वाडीतली. ती तक्रार करायची नाही, पण चहा देता देता एखादं वाक्य टाकून जायची. "यांच्या यंत्रांची बारशी किती झाली वन्सं, लग्न एकाचं नाय झालं."

तो निवृत्त झाला आणि पाठोपाठच्या पावसाळ्यात महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं. आम्हाला ते नवीन नाही. पाणी ओसरलं की घराघरातून चिखल उपसून रस्त्यावर टाकायचा, हेही नवीन नाही. फक्त सोनार आळीत चिखल टाकत नाहीत. दागिना घडवताना सोन्याचा कीस उडतो, तो जमिनीच्या फटींत, पायपुसण्यात, गटारात जाऊन बसतो, आणि तो धुऊन काढणारे झारेकरी वर्षानुवर्षं आळीत येतात. ते घमेल्यात माती घोळवतात. जाडसर कण तळाशी राहतो, पण अगदी पिठासारखा बारीक असतो तो पाण्याबरोबर निघून जातो. विनूचा मित्र दत्तूशेठ सोनार. त्याचं दुकान साफ करायला विनू गेला आणि परसात ताडपत्रीखाली झाकलेला चिखलाचा ढीग बघून आला. दुसऱ्या दिवसापासून पडवीत पत्रा वाजायला लागला.

त्याने केली ती एक लांब, उतरती पन्हळ. तळाला आडव्या वळ्यांचं रबर, वरून बारक्या पंपाने पाणी. वाळू वाहून जाते, जड सोनं वळ्यांत अडकतं. यात आपण काही नवा शोध लावला असं त्याने कधी म्हटलं नाही. जगभर असंच धुतात, म्हणायचा. प्रश्न एवढाच होता की आपल्या आळीतलं इतकं बारीक सोनं त्यात थांबतं का. आणि ते चिखल धुऊन कळत नाही, कारण चिखलात मुळात किती सोनं आहे हे कोणालाच माहीत नसतं. त्यासाठी स्वच्छ वाळूत वजन केलेलं सोनं मिसळायचं आणि किती परत येतं ते बघायचं. दत्तूशेठ म्हणाला, "विनायकराव, चिखल हवा तेवढा न्या. सोनं मागू नका. आळीत कोणी देणार नाही, आणि मी तर नाहीच नाही."

हे विनूने पडवीत बसून सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. सुमन भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "पाटली चालंल?"

तिच्या वडिलांनी लग्नात घातलेल्या दोन पाटल्या तिच्या हातात होत्या. वडील गेले, वाडीतलं घर भावांनी मुंबईला जाताना बंद केलं. माहेरचं म्हणून तिच्याजवळ एवढंच राहिलं होतं. विनू नको म्हणाला. मीही म्हटलं, असलं काही करू नका. "वन्सं, तुमी मधी पडू नका," ती म्हणाली. "हा आमचा दोघांचा व्यवहार हाय." मग त्याच्याकडे वळून, "माझ्या बापाचं हाय ते. आनून द्या परत. आन् आयुष्यात हे एक तरी पुरं करा."

इतक्या वर्षांत मनगट भरलेलं, पाटली निघता निघेना. शेवटी खोबरेल चोळून चोळून तिने ती काढली. विनूने दत्तूशेठच्या काट्यावर वजन केलं आणि कागद पसरून कानशीने पाटली घासायला बसला. रोज थोडी थोडी घासत गेला आणि एक दिवस पाटली संपली. कागदावर पिवळी चिमूटभर पूड राहिली. सुमन त्या बाजूला फिरकलीही नाही.

हिवाळ्यात सावित्रीचं पाणी उतरलं तसं आम्ही पोलादपूरच्या खालच्या अंगाला काठावर पन्हळ मांडली. मी एकच हट्ट धरला होता, पन्हळीतून पडणारं पाणी नदीत सोडायचं नाही. खाली खड्डा खणून त्यात प्लास्टिक अंथरायला लावलं. "ताई, तू इथे उभी असताना जायची काय हिंमत आहे सोन्याची," तो म्हणाला. मग पंप सुरू केला. वाळू सुरेख वाहत होती, विनू गुणगुणत होता. सगळी वाळू संपल्यावर वाकून पाहिलं तर वळ्यांमध्ये काळी रेती होती आणि पिवळं म्हणावं असं फारच थोडं. मी खड्ड्याकडे पाहिलं. पाण्यावर पिवळी साय धरली होती. सोनं तरंगत होतं... विनूने पाण्यात बोट घातलं आणि ते पिवळं झालेलं बोट तो कितीतरी वेळ बघत राहिला. खड्ड्यातलं सगळं पाणी आणि वाळू आम्ही पिंपांत भरून टेम्पोने घरी आणली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी ड्रायव्हरला हळू, हळू म्हणत होते.

घरी आल्यावर त्याने उतार चुकला म्हणून पाहिलं, पाण्याचा जोर जास्त म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊ. त्या पाण्यात नक्की बसेल खाली." मी म्हटलं, "गुडघे शेकायला आलेल्या माणसांच्या मधोमध तू तुझी पन्हळ मांडणार का?" तोही हसला नाही, मीही नाही. सुमनने चहा आणून ठेवला. तिच्या उजव्या मनगटावर पाटलीच्या जागी पांढुरका पट्टा होता आणि बाजूला कातडी सोलवटल्याचा वण.

"हे कशाने झालं?" त्याने विचारलं.

"पाटली काय हाक मारल्यावर आली व्हय? अर्धी वाटी तेल गेलं त्या दिवशी."

विनूने कप खाली ठेवला. "मी ती पुसली नाही," तो म्हणाला. "तशीच घासली."

"मंग मला सांगायचं, पुसून दिली असती. तुमी तर हातातून वडून नेलीत, पोरगं खाऊ वडतं तशी."

तेव्हा कुठे तो हसला. मला त्याने समजावून सांगितलं ते असं. इतक्या बारीक पुडीला तेलाचा नुसता हात लागला तरी पाणी तिला आत घेत नाही, सोनं जड असूनही वरच राहतं. आणि पुराच्या चिखलात तर गॅरेजचं डिझेल, दुकानांतलं तेल, काय काय मिसळलेलं असतं. म्हणजे आळीत पन्हळ अशीच फसली असती, आणि चिखलात सोनंच नव्हतं असं समजून सगळे घरी गेले असते. "बरं झालं तेल लावलंस," तो सुमनला म्हणाला. ती म्हणाली, "ते बरं मागनं बोला. आधी माझं सोनं काढा."

तेल काढायला तिच्याच घरात रिठे होते. भिजवून, कुस्करून फेस केला आणि वाळू, पाणी, प्लास्टिक, पिंपं, आमचे हात, सगळं त्या पाण्याने धुऊन काढलं. पाण्यावरची साय फुटून खाली गेली ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पुन्हा नदीवर गेलो तेव्हा सुमन आली. दगडावर बसून राहिली. पंप बंद झाल्यावर विनू बाजूला सरला आणि तिला जागा करून दिली. वरच्या वळ्यांमध्ये बारीक पिवळी रेघ होती, एकाखाली एक.

"हाय," सुमन म्हणाली.

"आहे ना?"

"हाय हाय. आता उठा, कंबर धरंल."

दत्तूशेठने मुशीत वितळवून गोळी केली आणि काट्यावर ठेवली. किंचित कमी भरली. "कानशीला आणि मुशीला एवढं द्यावंच लागतं," तो म्हणाला, आणि परसातल्या चिखलाच्या ढिगावरची ताडपत्री आपणहून काढून दिली. त्या ढिगातून निघालं ते फार नव्हतं, पण निघालं. मग आळीतले बाकीचेही आपापला चिखल घेऊन आले. पाटली पुन्हा घडवताना विनूने सांगितलं, "जरा सैल करा. पुढच्या वेळी तेल नको." त्या उन्हाळ्यात त्याला धाप लागायला लागली होती, डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं होतं. एकदा माझ्याकडे आला, जिना चढून दम घेत बसला आणि म्हणाला, "ताई, एक झालं बघ." मी त्याला पाणी दिलं.

तो गेला त्या दिवशी रिवाजाप्रमाणे बायका सुमनभोवती बसल्या. बांगड्या उतरवल्या. एका वयस्क बाईने तिच्या उजव्या पाटलीला हात घातला तसा सुमनने हात मागे घेतला.

"ही नाय निघायची."

"अगो, सैल तर हाय."

"सैल हाय म्हनूनच नाय काढायची. हे घेऊन गेले, हेच परत घेऊन आले. आता काढली तर कोन आननार?"

मी त्या बाईंना माझ्याजवळ बसवून घेतलं. मग कोणी आग्रह केला नाही.

पन्हळ दत्तूशेठच्या परसात आहे आणि चालू आहे. रिठे सुमन भिजवून पाठवते. तिच्या डाव्या हातात वडिलांनी घातलेली घट्ट पाटली आहे, आणि उजव्या हातात विनूने परत आणलेली सैल.